ताई येईपर्यंतचं बीट

बीट टिकवायचं असेल तर ते धुवायचं नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या वहीत हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून. वहीत बाकी बरंच काही आहे. डाळींना ऊन कधी दाखवलं, गॅसची टाकी कधी बदलली, नळाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आलं. याद्या करायची सवय मला शाळेपासूनची. त्या दोन रेघा मात्र मी एकोणीस वर्षांची असताना केलेल्या एका कामामुळं आहेत.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि आदल्या वर्षीही तो बेताचाच झाला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कधी तोही दिवस चुकायचा. आमचं घर क्रांती चौकापासून लांब, नव्या वसाहतीत होतं. जिथं ज्वारी व्हायची तिथं प्लॉट पडले होते. शेजारच्या प्लॉटवर पाया खणून ठेवलेला, पण पाण्यावाचून काम थांबलेलं. वाळूला मात्र तोटा नव्हता. नदी कोरडी पडल्यामुळं ट्रक थेट पात्रात उतरायचे आणि आमच्या गल्लीत ढीग टाकून जायचे.

ताई लग्न होऊन नागपूरकडं गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागला की ती येणार होती. थंडी सरता सरता शेजारच्यांकडं तिचा फोन आला. अंगात रक्त कमी आहे असं डॉक्टर म्हणतात, तिनं सांगितलं. बाबा फोन ठेवून घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "तिला बीट द्यायला पाहिजे." नुसत्या बिटानं रक्त वाढत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात, हे आता मला माहीत आहे. ताई गोळ्या घेतही होती. पण बाबांना इतक्या लांबून लेकीसाठी करण्यासारखं तेवढंच दिसलं असावं.

औरंगपुऱ्याच्या बाजारात मिळायचं ते बीट सुकलेलं, सुरकुतलेलं. बाबांचे कचेरीतले एक मित्र खुलताबादचे होते. गावाबाहेर त्यांचं थोडं शेत होतं, विहिरीवर भाजीपाला. विहीर आटायला लागली तसं त्यांनी उभं बीट उपटलं आणि अर्धं पोतं बसमध्ये घालून आमच्याकडं आणलं. "कुव्वे में पानीच नै रहा, भाई," ते म्हणाले. "जमीन में रख के क्या करूं? बच्ची कू खिलाओ."

बच्ची यायला अजून दोन महिने होते. आमच्याकडं फ्रिज नव्हता.

बाबांनी आंब्याची लाकडी पेटी घेतली, तळाला गोणपाटाची घडी घातली आणि शेजारच्या रखवालदाराला विचारून चार घमेली वाळू आणली. बिटाची माती नुसत्या हातानं झटकली. पानं कापली, पण दोन बोटं देठ ठेवून. खालच्या शेपटीला हात लावला नाही. ज्याला कुदळ लागली होती ते बाजूला काढलं, ते आम्ही त्याच आठवड्यात खाल्लं. बाकीचं एकाला एक न चिकटता वाळूत निजवलं. वाळू किती ओली पाहिजे, तर मुठीत दाबली की गोळा व्हावा, आणि मूठ उघडली की तळहात कोरडा दिसावा. पेटी जिन्याखाली ठेवली, घरातली तीच जागा सगळ्यात गार. दर दोन दिवसांनी बाबा आपल्या तोंड धुण्याच्या तांब्यातलं थोडं पाणी वाचवून बोटांनी वाळूवर शिंपडायचे.

आई बघायची आणि म्हणायची, "माणसायला प्यायला नाय अन् वाळूला आंघोळ."

"आंघोळ नाही, नुसतं तोंड धुतोय तिचं," बाबा म्हणायचे.

आता माझं काम सांगते. पाण्याच्या दिवसाची यादी माझ्याकडं असायची. आधी प्यायचे हंडे, मग पिंपं, बादल्या, पातेली, मग कपडे, मग मोरी. आदल्या खेपेचं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून त्यानं फरशी पुसायची. ज्यानं त्यानं आपलं काम करायचं, मध्ये बोलायचं नाही. एका रविवारी आईबाबा पैठणला लग्नाला गेलेले असताना नळ आला, आणि आला तो कधी नव्हे इतक्या जोरात. यादी अकरा वाजताच संपली. नळ वाहतच होता. पाणी वाहतंय आणि आपण नुसतं उभं आहोत, हे आमच्या घरात कुणाला जमलं नसतं. मी खिडक्या धुतल्या. चपला धुतल्या. देवघराचा चौरंग धुतला. मग जिन्याखाली ती मातकट पेटी दिसली.

मी वाळू घमेल्यात काढली आणि एकेक बीट काथ्यानं घासलं. देठं लोंबत होती, ती बुडापासून कापली. शेपट्याही उडवल्या. मोरीतून गुलाबी पाणी वाहत होतं आणि पंच्यावर बिटाची रांग चकचकत होती. ती सगळी मोजून परत पेटीत ठेवली, वर वाळू घातली आणि तीवर दोन तांबे पाणी ओतलं. एवढं करून यादीत खाली एक ओळ वाढवली, बीट, आणि पुढं बरोबरची खूण केली.

संध्याकाळी बाबांनी वाळूत हात घातला आणि तसाच ठेवला.

"धुतलंस?"

"हो. सगळं."

"किती होती?"

"अडतीस."

त्यांनी वाळू पुन्हा सारखी केली. मग "बरं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. माझी चूक मला आईनं सांगितली. बिटाची साल ओली राहिली की ते सडतं, आणि कापल्या जागेतून त्याचा सगळा रस जातो. चौथ्या दिवसापासून वास यायला लागला. बाबा रोज सकाळी वाळू चाचपायचे आणि मऊ पडलेली काढून आईकडं द्यायचे. वाईट भाग कापून आम्ही बाकीचं खायचो. कोशिंबीर, थालीपीठ, आमटीतसुद्धा बीट.

"खा गं, खा," आई म्हणायची. "तिचं राहू दे, आपलं तर वाढू दे रक्त."

दोन आठवड्यांत पेटी संपली. ताई यायला तीन आठवडे होते. बाबा रजा टाकून खुलताबादला जाऊन आले. मित्राचं शेत कोरडं पडलं होतं, पिशवी रिकामीच परत आली. तरी दर दोन दिवसांनी ते तांब्या घेऊन जिन्याखाली जायचे आणि रिकाम्या वाळूवर पाणी शिंपडायचे. मला ते बघवायचं नाही. वाटायचं, हे मला दाखवण्यासाठी चाललंय. एकदा मी म्हणाले, "बाबा, आता ती वाळू टाकून देऊ का?" ते म्हणाले, "राहू दे. असू दे तिथंच."

ताई आली ती चेहऱ्यानं पांढरी, पाय सुजलेले. चहा झाल्यावर बाबा पेटी ओढून तिच्यासमोर घेऊन आले. कोपऱ्यात पार तळाशी हात घातला, गोणपाटाची घडी उचलली आणि तिच्याखालून एक बीट काढलं. मग दुसरं, मग तिसरं. टणक होती. प्रत्येकाच्या डोक्यावर बोटभर पालवी फुटली होती, उजेड नसल्यामुळं पिवळट, देठं मात्र लाल. बाबांनी एक्केचाळीस ठेवली होती, त्यातली तीन गोणपाटाखाली. मी अडतीस म्हणाले तेव्हाच त्यांना कळलं होतं, की ती तीन माझ्या हाताला लागली नाहीत.

ताईनं एक हातात घेऊन वास घेतला. "बाबा, मला बीट आवडत नाही. माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये. खा."

रोज एक, असं तिनं तीन दिवस खाल्लं, किसून, लिंबू पिळून. पालवीची आईनं मूठभर भाजी केली. ताई खाताना बाबा समोर बसून राहायचे, पेपर उघडा, पण पान उलटायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तीही धुतली असतीस."

आई हसली, ताई हसली, मीही हसले. मग मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

पुढं ताईला मुलगा झाला, तो आता मोठा बाप्या झालाय. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. तो जिना पाडून तिथं तीन मजले उठले. माझं लग्न गावातच झालं. मी दर रविवारी माहेरी जात असे, म्हणून माझ्यासाठी कुणाला काही राखून ठेवावं लागलं नाही. हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता येतं.

फ्रिज आहे. बीट कागदात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवलं की महिना सहज निघतो. तरी गेल्या हिवाळ्यात मी वाळू शोधली. आता बांधकामावर दगडाचा चुरा वापरतात, करडा, टोकदार. तो ओला करून मुठीत दाबला, पण बाबांच्या वाळूसारखा गोळा झाला नाही, आणि मूठ उघडली तर तळहात ओला. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "मॅडम, नदीची वाळू आता कुठं मिळती?"

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. या महिन्यात येते म्हणाली होती, ते दोनदा पुढं गेलं. कप्प्यात भाजीच्या पिशव्यांच्या मागं, कागदाखाली, तीन बीटं आहेत. वहीत लिहिलेली नाहीत. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तो दिसेल ते कोशिंबिरीला चिरतो. दर दोन दिवसांनी मी कप्पा उघडते, कागद उचलून एकेक दाबून बघते आणि परत झाकते. तिलाही बीट आवडत नाही.