धुवायचा राहिलेला ब्रश

आप्पा दवाखान्यात शेवटचं धड बोलले ते एवढंच : "ब्रश तेवढा धुवायचा राहिला गं."

आप्पा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावात ते घरं रंगवायचे. गावच्या प्राथमिक शाळेची दारं मात्र दर उन्हाळ्यात मजुरी न घेता रंगवून द्यायचे, कारण मी त्या शाळेत शिकले होते आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. मी परळच्या एका व्यवसाय शाळेत रंगकाम शिकवायला लागले तेव्हा ते हसून म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी ब्रशच धरलास!" पण ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली.

आप्पा गेले त्या मे महिन्यात तिसरं दार अर्धं हिरवं झालं आणि त्यांच्या छातीत कळ आली. ब्रश शाळेच्या पायरीवरच राहिला. दिवसकार्य आटोपून मी परत निघाले तेव्हा त्याचे केस लाकडासारखे कडक झाले होते. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मुंबईला आणला.

ब्रश धुणं मी आप्पांकडूनच पाहिलं होतं. संध्याकाळी ते मागच्या दारी रॉकेलमध्ये ब्रश खळबळायचे आणि ते रॉकेल तिथल्याच नालीत ओतून द्यायचे. आईची अबोली त्या नालीच्या कडेला होती. आई ती दरवर्षी लावायची, दरवर्षी ती जळायची. आई बडबडायची, आप्पा मान खाली घालून हात पुसत राहायचे.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मीही तेच केलं. मुलांचे ब्रश धुतलेलं थिनर वर्कशॉपच्या मोरीत ओतलं. दहा मिनिटांत भिंतीपलीकडच्या चाळीतून एका बाईचा आवाज आला, "ओ शाळावाले! काय ओतलंत? चुलीपाशी उभं राहवत नाही!"

वर्कशॉपचे मदतनीस धावत आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. मूळचे मालवणकडचे, राहायला घोडपदेवला. त्यांनी आधी भिंतीवरून त्या बाईंची माफी मागितली, मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमच्या गावाक गटार खय जाता?"

"ओढ्यात," मी म्हणाले.

"आणि हयसून जाता दर्यात. रविवारी आमी बांगडे खातो ते थयलेच. आता माका सांगा, माझ्या बांगड्यांक रंग देवचो आसा काय?"

मुलं खो खो हसली. मला रडू यायचं बाकी होतं. मामांनी मला बाजूला नेऊन खिडकीखालचे तीन डबे दाखवले. आधी ब्रश जुन्या कागदावर पुसून घ्यायचा, जेवढा रंग निघेल तेवढा काढायचा. मग पहिल्या डब्यातल्या मळक्या थिनरमध्ये धुवायचा, मग दुसऱ्यात, शेवटी तिसऱ्यातल्या स्वच्छ थिनरमध्ये. झाकणं लावून ठेवली की काही दिवसांत रंग तळाला बसतो. वरचं नितळ थिनर हलक्या हाताने ओतून परत वापरायचं. खालचा गाळ आणि रंगाचे कागद मोकळ्या हवेत वाळवून पिंपात भरायचे. ते पिंप न्यायला वेगळी गाडी येते.

"ब्रश धुऊन झालो असा कधी म्हणूचा?" मामांनी विचारलं होतं.

"केस साफ झाले की."

"नाय. गाळ पिंपात गेलो की."

हे शिकवल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गावी गेले की आप्पांना सांगायचं असं मी दर सुट्टीला ठरवायचे. पण बापाला ब्रश धुवायला शिकवायचं कसं, म्हणून जीभ रेटली नाही. मग सांगायला आप्पाच राहिले नाहीत.

त्यांचा कडक ब्रश मामांनी माझ्याकडून घेतला, एका चौथ्या उंच डब्यात थोडं थिनर घेऊन तारेने टांगून ठेवला. केस तळाला टेकले तर वाकतात, म्हणून टांगायचा. "घाई करू नका. आपोआप सुटतलो," म्हणाले.

मी रोज झाकण उचलून बघायचे. आधी टोकं सुटली, मग हळूहळू आतले केस. हात लावला की बोटाला हिरवा रंग यायचा. शाळेच्या दाराचा हिरवा. मी झाकण परत लावायचे आणि स्वतःला सांगायचे, अजून मऊ झाला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळे ब्रश, पुट्टी लावायच्या पट्ट्या, रोलर धुऊन टेबलावर मांडायचे असतात. करी रोडहून येणारी एक विद्यार्थिनी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होती. "मॅडम, पूजा वगैरे आमच्या घरी नसते," ती म्हणाली, "पण धुवायला मी पहिली. ही पोरं नुसती बुडवतात आणि काढतात." तिने चौथ्या डब्याचं झाकण काढलं. "अय्या! याला कोणी फाशी दिलीय? कोणाचा ब्रश आहे हा?"

"माझ्या वडिलांचा," मी म्हणाले.

तिने झाकण खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मग धुवायचा, की ठेवायचा?"

मी मामांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "मऊ होऊन महिनो झालो, बाई."

त्यांना माहीत होतं तर. रंग गेला की आप्पांच्या हाताने लागलेलं काहीच उरणार नव्हतं, म्हणून मी थांबले होते. पण त्यांनी मागे ठेवलेलं काम तर हेच होतं.

मी ब्रश तारेवरून सोडवला. आधी जुन्या कागदावर पुसला. लांब, सरळ हिरवे पट्टे उमटले, दारावर उमटायचे तसेच. मग पहिला डबा, दुसरा, तिसरा. ज्यात तो टांगला होता ते थिनरही पहिल्या डब्यात ओतलं. त्या डब्यात मुलांचा लाल होता, पांढरा होता, राखाडी होता. हिरवा त्यात मिसळून गेला. शेवटी तळहातावर साबण घेऊन केस चोळले. फेस आधी फिकट हिरवा आला, मग पांढरा. दुसऱ्या दिवशी तो झेंडूच्या फुलांजवळ इतर ब्रशांच्या रांगेत होता. मीही तो ओळखला तो केवळ दांड्यावरच्या चिरेवरून.

तो पट्ट्यांचा कागद मी खिडकीतल्या दोरीवर वाळत घातला होता. पिंप न्यायला गाडी आली तेव्हा मामांनी बाकीचा गाळ आणि सगळे कागद आत टाकले, तो तेवढा दोरीवरच ठेवला.

"एक कागद ऱ्हवांदे तुमच्याकडे," ते म्हणाले. "गटारात थोडोच जाता?"

मी कागद हातात घेतला. रंग वाळून कडक झाला होता, नखाला लागत होता. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मग मीच मामांना म्हणाले, "गाळ पिंपात गेला की ब्रश धुऊन झाला, ना?" त्यांनी झाकण वर धरलं. मी कागदाची घडी घातली आणि आत ठेवली.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "आई, आप्पांचा ब्रश धुतला."

मग तिने विचारलं, "धुतलंस ते कुठे ओतलंस?"

"कुठेच नाही. इथे ओतत नाहीत." मी तिला तीन डबे सांगितले, गाळ सांगितला, पिंप आणि गाडी सांगितली.

"हे त्यांना सांगायचंस गं," ती म्हणाली. "ऐकलं असतं त्यांनी तुझं. माझी अबोली जगली असती."