अस्वलाची खबर

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पृथ्वीचा ताप वाढवणारी व्यक्ती सापडली होती. ती मुरबाड तालुक्यात, आमच्या घरामागे राहत होती. उंची बेताची, लुगडं हिरवं, दाताला मिसरी. गुन्हा तिने आपणहून कबूल केला होता, आणि तोही रोज, भेटेल त्याच्यापाशी.

"लय उकडतंय, काकी," असं म्हणायचा अवकाश, की ती छातीवर हात ठेवून मान खाली घालायची. "माफ कर रे बाबा. आमचाच धूर त्यो."

नाव सांगत नाही. तुमच्या आळीतही असं एखादं माणूस असेल, त्याचं नाव लावून वाचा.

धुराचं प्रकरण असं. आमच्याकडे भाताचं रोप जिथे वाढवायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, झाडाच्या वाळक्या डहाळ्या, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि मग काडी. हा राब. त्याने तण जळतं आणि रोप तरारतं. राब पेटवण्याआधी शेजारच्या शेताला हाक द्यायची, हा रिवाज. हाक ऐकली की शेजाऱ्याने हिरवा डहाळा घेऊन बांधावर उभं राहायचं, ठिणगी उडाली तर झोडपायला. काकीच्या बांधाला बांध होता तिच्या चुलत दिराचा. त्याचा आवाज एवढा मोठा, की तो खोकला तरी पलीकडच्या पाड्यातली कुत्री भुंकायची. "वयनी, पेटवतो गो!" अशी त्याची हाक आली, की काकी डहाळा घेऊन हजर. वर्षानुवर्षं हेच.

मग एका चैत्रात शाळेत मुंबईची तरुण मंडळी आली. पडद्यावर चित्रं दाखवणार, असा पुकारा झाला. काकीला वाटलं देवाचा सिनेमा असेल, म्हणून ती पुढे जाऊन बसली. पडद्यावर कारखान्यांच्या चिमण्या आल्या, मोटारी आल्या, जळणारं रान आलं. त्यानंतर बर्फ. बर्फाच्या एवढ्याशा तुकड्यावर एक पांढरं अस्वल, चारी बाजूंना पाणी. धुरामुळे पृथ्वी तापते, बर्फ वितळतो, पाऊसपाण्याचं वेळापत्रक बिघडतं, असं त्यांतली मुलगी समजावून सांगत होती.

काकी उठली. "आमचा धूर जातो का गो तिथवर?"

मुलगी गोड होती. म्हणाली, "थोडाथोडा सगळ्यांचाच जातो, आजी."

संपलं! बाकीच्या गावाने त्यातलं "थोडाथोडा" ऐकलं. काकीने "जातो" ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दिराने हाक दिली. काकी डहाळा घेऊन आली खरी, पण स्वतःच्या रचून ठेवलेल्या राबाला तिने काडी लावली नाही.

"वयनी, तुजा?"

"मी नाय पेटवणार. अस्वल बुडतंय."

दीर बांधावर बसून पोट धरून हसला. "आपल्या राबाचा धूर समोरचा डोंगर चढत नाय, आन् अस्वलाला लागतो म्हने!"

मी कल्याणला नोकरीला जायचो, त्यामुळे जगाचं सगळं मला कळतं असा काकीचा समज होता. मी तिला सांगितलं, "काकी, जगात कारखाने किती, मोटारी किती. त्यांच्यापुढे तुझा राब म्हणजे उदबत्ती."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांचं त्यांनी बघावं. मी माजं बोलतेय."

आता गंमत राहिली बाजूला. काकी एकटी होती. नवरा गेलेला, लेक डोळखांबकडे दिलेली. वर्षाचा भात तेवढ्या एका शेतातून यायचा. शेत ओस पडलं असतं, तर लेकीकडे जाऊन राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्याबाबत काकीचं म्हणणं ठरलेलं होतं: "लेकीच्या दारात पाव्हणी म्हणून जाईन. पोट घिऊन नाय जायची."

राब न भाजता तिने भात पेरला. पाऊस आला आणि दडी मारून बसला. लोकांची रोपं पिवळी पडली. काकीची पिवळी पडली की हिरवी राहिली, हे सांगताच येईना, कारण सगळीकडे तणच तण. ती दिवसभर उकिडवी बसून तण उपटायची आणि वर बघून माफी मागायची. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली, सगळ्यांचे चिखल झाले, रोपं लागली. काकीचं शेत तसंच, लावायला रोपच नव्हतं. डोळखांबहून लेकीचा निरोप आला: आये, गोधड्या बांधून ठेव, न्यायला येते.

काकीने गोधड्या अंगणात काढल्या. बांधल्या मात्र नाहीत. नुसती त्यांच्याकडे बघत बसली.

त्या संध्याकाळी दीर आला, डोक्यावर रोपांच्या जुड्यांचा भारा. भिजलेला, घामेजलेला. त्याने भारा तिच्या शेतात धाडकन टाकला आणि मोठ्याने विचारलं, "धुरातली हायत. चालतील का तुज्या अस्वलाला?"

काकीने एक जुडी उचलली, मुळं निरखली.

"रोपाचा काय दोस?" ती म्हणाली, आणि पदर खोचून चिखलात उतरली. गोधड्या परत घरात मी नेऊन टाकल्या.

पुढच्या उन्हाळ्यात काकीने तह केला. राब पेटवायचा, पण मिसरी बंद. तव्यावर तंबाखू भाजताना धूर होतो, तेवढा अस्वलाला सोडला! मोठमोठ्या देशांचे पुढारी अशाच वाटाघाटी करतात म्हणे, पण त्यांच्यापैकी कुणी मिसरी सोडल्याचं ऐकिवात नाही. दात रिकामे झाल्यामुळे तिची जीभ जास्तच मोकळी झाली. नाक्यावर घरघरत उभ्या असलेल्या जीपवाल्याला तिने दरडावलं, "बंद कर ती गाडी!"

"आजी, बंद केली तर परत चालू व्हायची नाय. धक्का तू मारशील?"

"मारीन!" आणि मारला. मलाही मारायला लावला.

संध्याकाळी मी कल्याणहून आलो की ओटीवरून प्रश्न यायचा, "बरफाची काय खबर?" मी इमानदारीत थापा मारायचो. आज अस्वल बरं आहे. आज त्याने मासा खाल्ला. एकदा थापेच्या भरात त्याला पिल्लं झाल्याचं सांगून बसलो, तर काकीने सगळ्या आळीत गूळ वाटला. दिराने दोनदा घेतला.

एका दिवाळीत कापलेल्या भातावर पाऊस पडला. लोंब्यांना मोड आले. काकी दारोदार माफी मागत फिरली. दीर ओरडला, "वयनी, तू येवढी मोटी कदी झालीस? आभाळ तुला इचारून पडतंय?" पण तिचे भिजलेले भारे आधी त्यानेच उचलले. आणि दर उन्हाळ्यात त्याची हाक आता लांबली होती: "वयनी, पेटवतो गो! सांग तुज्या अस्वलाला!" इकडून डहाळा हलवत उत्तर जायचं, "सांगितलंय! पन थोडा पेटव!"

मग एका पौषात काकी गेली. थंडी पडेल म्हणून गोधडी उशाशी घेऊन झोपली होती. थंडी काही आली नाही. सकाळी गोधडीची घडी तशीच होती.

त्या उन्हाळ्यात काकीचं शेत मोकळंच राहिलं. दिराने आपला राब रचला, माती पसरली. आम्ही चारजण डहाळे घेऊन उभे होतो. काकीच्या बाजूच्या बांधावर मात्र कोणी गेलं नव्हतं. का, ते विचारू नका. पाय गेले नाहीत.

दिराने काडी ओढली. दुसरा हात सवयीने तोंडाशी नेला, तिच्या शेताकडे वळला आणि थबकला. काडी जळत बोटापर्यंत आली, ती त्याने टाकली. दुसरी ओढली. आणि तो, ज्याच्या खोकल्याने कुत्री भुंकायची, आम्हा सगळ्यांदेखत एवढ्याशा आवाजात बोलून गेला,

"वयनी, पेटवू का गो?"