प्रोजेक्टरला लावलेलं गंध
उगाळलेल्या चंदनाचा वास आला की मला तंजावूरची ती शाळा आठवते. महिनाभर मी तिथल्या शिक्षकांना प्रोजेक्टर शिकवत होते आणि शाळेने सुट्टीआधीच उरकलेल्या आयुधपूजेच्या, म्हणजे यंत्रं-अवजारांच्या पूजेच्या, दुसऱ्या दिवशी शिक्षणखात्याचे अधिकारी ते पाहायला आले. कुणालाच त्यावर धडा घेता आला नाही, तर यंत्र दुसऱ्या शाळेत जाणार होतं. मी बटण दाबलं, तर पडद्यावर नुसता पिवळट, धुरकट डाग. मी, शिकवणारी, घामाघूम होऊन वायरी काढत-लावत बसले. अधिकारी घड्याळ बघू लागले. तेवढ्यात गणिताच्या अक्का उठल्या. निवृत्तीला आलेल्या, महिनाभर मागच्या बाकावरून नुसतं बघायच्या, घाबरून यंत्राला हात म्हणून लावला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या त्यांच्या घरच्या मराठीत मला म्हणाल्या, "थांब गं. काल पूजेत त्याच्या डोळ्याला गंध मीच लावलं." त्यांनी पदराने भिंग पुसलं आणि पडद्यावर त्रिकोण लख्ख उमटला. "आता उठलेच आहे, तर शिकवूनच बसते," म्हणत माझ्या हातातला रिमोट घेऊन त्यांनी अख्खा तास घेतला. यंत्र तिथेच राहिलं. आजही नव्या शाळेत गेले की प्रोजेक्टरला आधी गंध लावून घेते, भिंग सोडून, आणि तेही सगळ्यात जास्त घाबरणाऱ्या बाईंच्या हातून.