कोतवालाला दिलेला चंद्रपतंग

धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर आम्ही नवरा-बायको सुट्टीला तंबू टाकून राहिलो होतो. धाकटा दीर पक्ष्यांचे फोटो काढायला आला होता. मी मुखेडच्या घरी अळीपासून वाढवलेल्या चंद्रपतंगाचा कोश डब्यात घालून आणला होता, कारण तो कधीही फुटेल असं वाटत होतं.

सकाळी तो फुटलाच. फिकट हिरवा पतंग पंख वाळवत बसला. मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात दिरानं त्याला उचलून कोतवाल पक्षी बसला होता त्याच्यासमोरच्या बाभळीवर ठेवलं. मी धावत गेले तेव्हा खाली पंखांचे तुकडे पडले होते.

“वहिनी, लई भारी फोटो आला, बघा!”

मी बघितला नाही. अंगाची नुसती आग होत होती.

दुपारी पलीकडच्या खडकात मला शृंगी घुबड दिसलं. दीर कित्येक हिवाळे त्याच्याच मागावर होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “घुबड दिसलं का कुठं?”

“हाव, त्या टोकाला,” मी उलट्या दिशेला बोट दाखवलं.

होडी येईपर्यंत तो तिथं बोरीच्या काट्यांत पालथा पडून होता. मी मात्र घुबडाला डोळे भरून पाहिलं, मोबाईलवर त्याचा फोटोही काढला. परतताना होडीत मी तो फोटो दिरापुढं धरला.

“हे कुठं होतं?”

“तुमच्या पाठीमागंच होतं, भाऊजी.”

त्याचा चेहरा उतरला. नवरा म्हणाला, “झालं ना आता, सोड.”

मी सोडलं नाही. घुबडाचा तो फोटो मोठा करून बैठकीत लावलाय. दीर आला की त्याला त्या फोटोसमोरच बसवते.