पीई चार

तीस वर्षं त्याने जमिनीत भोकं पाडली. खनिजं शोधणाऱ्या कंपनीत तो ड्रिलर होता. आज किती मीटर झाले, याखेरीज फारसं बोलत नसे, म्हणून सगळे त्याला मीटरभाऊ म्हणत. पाइपातून दगडाची कांडी वर आली की ती धुवायची, खोली लिहायची, पेटीत मांडायची. कोणी घाईत मांडलेली पेटी तो पुन्हा उपसायला लावी.

निवृत्त झाल्यावर कंपनीची खोली सोडायला सहा महिने मिळाले. हातात फंड होता. दोन खोल्यांच्या घराला तो थोडा कमी पडत होता.

जावई पतपेढीत कामाला. तो म्हणाला, "मामा, तुमच्याच कंपनीचा शेअर बघा. भाव चाळीस, एका शेअरमागे वर्षाचा नफा दहा. म्हणजे पीई चार, भाव नफ्याच्या फक्त चौपट. खाणवाल्यांचा पंधराच्या खाली नाही. मातीमोल मिळतोय."

"जावईबापू, खाणवाले माल काढतात. आम्ही नुसतं शोधत होतो."

"मग नफा काय आभाळातून पडला?"

दगडातलं आपल्याला कळतं, पैशातलं साहेबांना, अशी वाटणी त्याने आयुष्यभर पाळली होती. शेवटची दोन वर्षं पेट्यांत करड्या दगडाशिवाय काही आलं नव्हतं. तरी त्याने सगळा फंड घातला.

बायकोने एकदाच विचारलं, "तुमच्या हाताला काही लागलं होतं का तिथे?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"भोक पाडणाऱ्याला नाही कळत, तर मग कुणाला?"

चौथ्या महिन्यात कंपनीचा वर्षाचा निकाल आला. नफ्याच्या जागी तोटा. शेअर सहावर आला. मीटरभाऊ ऑफिसात गेला आणि हिशेबनिसासमोर उभा राहिला.

"मागच्या साली नफा कुठून आला होता?"

"चार मशिनं विकली ना. आणि टेकडीमागची जमीन. शोधणाऱ्या कंपनीला कसला आलाय नफा, मीटरभाऊ? सापडेपर्यंत नुसता खर्च. त्या एका वर्षाच्या नफ्यावर कसला पीई काढता? मशीन काय दरवर्षी विकता येतं?"

ती मशिनं त्यानेच धुतली होती, ग्रीस भरून ट्रकवर चढवली होती. दोन दिवस लागले होते. विकली जाताहेत, हे त्याला माहीत होतं. तोच पैसा नफा म्हणून छापतात, हे माहीत नव्हतं.

जावई खाली मान घालून आला. "मामा, माझ्यामुळे झालं."

"तुम्ही कागद वाचलात. दगड मी पाहिला होता. बसा, चहा घ्या."

उरलेल्या पैशांत भाड्याच्या एका खोलीचं डिपॉझिट झालं. तिसरा मजला, पाणी खालून वर न्यायचं. बायको दोन जिन्यांनंतर बादली ठेवून बसते.

मीटरभाऊ आता बोअरवेलच्या ठेकेदाराकडे रोजावर जातो. पाइप उचलतो. मशीन चालवायला त्यांना तरणा माणूस लागतो.