आमेन म्हणायला माणूस

आमच्या कुडवा गावातल्या घरात रोज संध्याकाळी पाच वाजता शास्त्र वाचलं जातं. बाबा वाचतात. एका दिवशी एकच अध्याय, ओळीनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गाळणं नाही. वंशावळ आली की अख्खी वंशावळ, मंडपाची मापं आली की सगळी मापं. आणि समोर कोणीतरी बसलेलं पाहिजे, शेवटी आमेन म्हणायला. नाहीतर बाबांच्या लेखी ते वाचन झालंच नाही.

शास्त्र म्हणजे आत्म्याचं अन्न, असं चर्चच्या मंडळीत सांगतात. असेलही. पण बाबांचा आत्मा मेला एकटा जेवतच नाही! आई होती तोवर आई बसायची. आई गेली, बाबा दोन दिवस जेवले नाहीत, पण पाच वाजता पुस्तक उघडून माझ्याकडे बघत राहिले. मी बसले. तेव्हापासून मीच.

त्यात माझं लग्न जमायची वेळ आली. स्थळ अर्जुनी मोरगावचं. मुलाला मी मंडळीच्या एका मेळाव्यात पाहिलं होतं. गाणं बेसूर म्हणत होता, पण लाजत नव्हता. मला आवडला, उगाच आढेवेढे कशाला घ्या. आमच्या ख्रिस्ती लोकांत इकडे स्थळं तशी मोजकीच. हे हातचं जायला नको होतं.

पाहुणे दुपारी येणार म्हणून सकाळीच मी बाबांना विचारलं, "आज कोणता अध्याय आहे?"

"घराच्या भिंतीले रोग लागते तो."

मी कपाळावर हात मारला. पावसाळा नुकताच उलटला होता आणि आमच्या बैठकीच्या भिंतीला ही एवढी ओल आली होती. त्यावर मी मंडळीचं कॅलेंडर टांगलं होतं, तरी ओल चारी बाजूंनी बाहेर डोकावत होती.

"बाबा, आजच्या दिवस एखादं स्तोत्र वाचा ना."

"कायले? देवानं सांगतलं ते मी काऊन सोडू?"

एकच आशा होती. पाहुणे तीनला येतील, चारला परत जातील. पण गाडी रखडली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील आमच्या दारात उभे राहिले तेव्हा बाबा चष्मा पुसत होते. नमस्कार झाले, पाणी झालं आणि पाचला बाबांनी पुस्तक उघडलं.

मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबांनी सगळं वाचलं, खणखणीत आवाजात. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला तर घरधन्यानं याजकाला कळवावं, याजक येण्याआधी घर रिकामं करावं, भिंत खरवडावी, डाग परत आला तर घरच पाडून टाकावं. तिन्ही पाहुणे कॅलेंडरकडे बघत होते. आमेन म्हणायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी मीच दात आवळून म्हटलं.

मुलाचे वडील उठले. त्यांनी कॅलेंडर उचलून मागे पाहिलं. "हिरवा हाय," ते म्हणाले. संपलं, मला वाटलं.

"आमच्या घरी एक रीत हाय," ते बाबांना म्हणाले. "वाचलं ते त्याच दिवशी पाळाचं. थोडंसं का असेना."

त्यांच्या बायकोनं सुस्कारा सोडला. "महापुरातल्या तारवाचा अध्याय आला त्या दिवशी यायनं बदकाची जोडी आणली," त्या मला म्हणाल्या. "उठ बाई, आता घर खाली करा लागते."

एकाला गाळता येत नाही, दुसऱ्याला पाळल्याशिवाय राहवत नाही. देवा रे, कुठून शोधून काढलीस ही जोडी! बाबांनी बिचाऱ्यांनी खुर्ची उचलली सुद्धा. बघता बघता सोफा, कूलर, शिलाई मशीन, सगळं अंगणात.

शेजारच्या मावशी कुंपणावरून ओरडल्या, "काऊन जी, घर सोडून चालले का?"

"शास्त्रात लिहिलं आहे, मावशी!" मी म्हटलं.

मावशी बौद्ध, घरात एकट्याच असतात. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पदर खोचला आणि आमचा मिक्सर उचलून बाहेर आणला.

दिवाणाचं एक टोक माझ्या हाती, दुसरं मुलाच्या. वधूवरांचं खासगी बोलणं म्हणतात ते आमचं तेवढंच झालं.

"अर्जुनीले राहशील ना?" त्यानं विचारलं.

"राहीन. पण पाच वाजता बाबांना आमेन कोण म्हणेल?"

त्यानं दिवाण खाली ठेवला. डोकं खाजवलं. "मले नाही सुचून राहिलं," तो म्हणाला. खोटं काही बोलला नाही, म्हणून मला तो आणखीच आवडला, पण प्रश्न तिथंच राहिला.

आत मुलाचे वडील याजक झाले होते आणि माझ्या उलथन्यानं भिंत खरवडत होते. आता घर आठवडाभर बंद ठेवायचं, असं ते म्हणाले तेव्हा मात्र बाबा तडकले. "अन् आमी राहू कुठं?" जुंपणारच होती, पण मुलाची आई अंगणातून ओरडली, "पोहे थंडे होऊन राहिले!" तेवढ्यावर निभावलं. सगळ्यांनी अंगणात सोफ्यावर बसून पोहे खाल्ले, मावशींनीही. मुलाचे वडील चुन्याच्या हातानं बाबांची पाठ थोपटत म्हणाले, "डाग दाखवून पोरगी देणारा माणूस मी पाह्यला नव्हता." लग्न ठरलं.

सासरी गेल्यावर पहिल्या दिवशी पाच वाजले आणि मला काही सुचेना. फोन लावला, बाबांनी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. सहा वाजून गेल्यावर उचलला.

"वाचलं का आज?"

"वाचलं. शेजारीण येऊन बसली होती."

"आणि आमेन?"

"बाईनं साधु, साधु, साधु म्हटलं. त्यायच्यात तसंच म्हणतात."

"मग चाललं का तुम्हाला?"

"मी पुस्तक बंदच नाही केलं. आमेनची वाट पाहत बसलो. ते बी बसून राहिली. मंग म्हणाली, भाऊ, तुमचं झालं नसंल तर आणखी वाचा, मले घाई नाही."

"मग?"

"मंग काय. दुसरा वाचला."

एका दिवशी एकच, हा नियम बाबांनी आईसाठीसुद्धा कधी मोडला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं आणि त्याच घटकेला आईची इतकी आठवण आली, की फोन कानाला तसाच धरून मी सासूबाईंसमोर ढसाढसा रडले.