काट्यासाठी भात

डॉक्टरांनी मला मासे खायला सांगितलेत, ही बातमी मी जितक्या लोकांना दिली तितक्यांना नातू झाल्याची दिली नव्हती. सोसायटीचा वॉचमन, खालचा इस्त्रीवाला, मुलुंडचा मेहुणा, कुणालाही सोडलं नाही. मधुमेह झालाय हे मी वर्षभर लपवलं होतं. पथ्य मात्र गावभर मिरवलं.

खरं तर डॉक्टरीणबाई बरंच काही बोलल्या होत्या. तरुण बाई, कोपरखैरण्यात आमच्या घराजवळच दवाखाना. "काका, मटण बंद. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा मासे चालतील. बांगडा घ्या, तारली घ्या. तळायचे नाहीत. अर्धं ताट भाजीचं, आणि भात एक छोटी वाटी, बस. तीन महिन्यांनी रिपोर्ट बघू. साखर खाली आली नाही तर इन्सुलिन सुरू करायला लागेल."

मी मूळचा रत्नागिरीकडचा. 'मासे चालतील' एवढं कानावर पडल्यावर पुढची भाजी, वाटी वगैरे कोण ऐकतो? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी माझी अवस्था झाली होती.

इन्सुलिन हा शब्द मात्र नीट ऐकू आला. रबाळ्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली, पण सुई बघितली की मी डोळे गच्च मिटून घेतो. शिवाय माझे वडील. त्यांनीही इंजेक्शनं टाळत टाळत साखर वाढू दिली, आणि शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली. पाहुणे आले की ते पायावर चादर ओढून घ्यायचे. त्यामुळे तीन महिन्यांत साखर खाली आणायची, हे मी अगदी मनापासून ठरवलं. ठरवायला माझं काही जात नव्हतं.

डॉक्टरांचं हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा बायको केबिनच्या बाहेर होती. तिच्या बहिणीचा फोन आला होता. मी बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "मासे खायला सांगितलेत."

आता इथे आमच्या घरातला करार सांगायला हवा. बायको साताऱ्याकडची, माहेरी अंडंसुद्धा नाही. लग्नानंतर ठरलं ते असं की मासे फक्त रविवारी, माझे मी करायचे, तेही बाल्कनीत, वेगळ्या तव्यावर. तवासुद्धा बाल्कनीतच राहायचा, कुंड्यांच्या मागे. सोमवार, गुरुवार, शनिवारी माशाचं नावही काढायचं नाही. तीस वर्षं हा करार एकदाही मोडला नाही.

डॉक्टरांचं नाव निघालं आणि तिने एका दिवसात तो मोडून टाकला. तवा आत आला. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याला तिने छोटा पडदा शिवला. करोनातले उरलेले मास्क माळ्यावरून काढले आणि तोंडाला मास्क लावून, हातात चिमटा घेऊन ती गॅससमोर उभी राहिली. पहिला बांगडा तिने सोमवारी केला. मी म्हटलं, "अगं, आज सोमवार." ती म्हणाली, "औषधाला वार नसतो."

मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मला भूक लागली होती.

पण त्या सोमवारी ताटात भात बघितला तर एक मूद, देवाच्या नैवेद्याएवढी. मी विचारलं हे काय. "अहो, साखरेला भात वाईट असतो ना? फोनवर वाचलं मी." ही बाई स्वतःहून, डॉक्टरांना न भेटता, बरोबर तिथे पोचली होती. मी घाबरलो. माशाचं कालवण आणि एवढासा भात हा आमच्याकडे गुन्हा आहे. आम्ही 'मासे खाल्ले' म्हणतो तेव्हा त्यात डोंगराएवढा भात धरलेलाच असतो, तो काही वेगळा सांगत नाहीत.

मग मी म्हटलं, "तुला माशातलं काय कळतं? माशाबरोबर भात लागतोच. काट्यासाठी. घशात काटा अडकला तर भाताच्या गोळ्याबरोबर खाली जातो."

हे पूर्ण खोटं नव्हतं. लहानपणी काटा अडकला की आई न चावता गिळायला भाताचा गोळा द्यायची. पण तो गोळा काटा अडकल्यावरच, आणि एकच. मी आयुष्यभराच्या भाताची सोय त्यावर केली.

बायकोचा चेहरा उतरला. काट्यांकडे ती सापाकडे बघावं तशी बघायची. तरी माझ्यावर तिचा आंधळा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी बोनकोड्याच्या बाजारात आम्ही नेहमीच्या मासळीवालीसमोर उभे होतो, तेव्हा तिने थेट चौकशी केली. "काटा अडकला तर भात खातात का हो?"

"हा गो बाय," मासळीवाली म्हणाली. "भाताचा गोला गिलायचा, चावाचा नाय. आमी पन तेच करतो. आनि ह्यो बांगडा ने, कल्ला बग कसा लाल हाय."

झालं. माझ्या थापेला साक्षीदार मिळाला. त्यानंतर मला भात मागावा लागला नाही. बायकोच वाढत राहिली. बांगडा असला की दोन वेळा, तारली असली की, "आज काटे जास्त आहेत, आणखी घ्या." ती माझ्यासमोर बसून माझ्या गळ्याकडे बघत राहायची. घास खाली उतरला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मी समाधानाने ढेकर द्यायचो आणि साखर उतरतेय असं मला आतून जाणवायचं. बेलापूरला राहणाऱ्या मुलीला मी फोनवर सांगितलंसुद्धा, की आहाराने सगळं बरं होतं, फक्त मनाचा निग्रह पाहिजे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. या वेळी बायको चांगली साडी नेसून माझ्याबरोबर केबिनमध्ये आली. तिला शाबासकी हवी होती आणि ती तिची होतीच.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. साखर आधीपेक्षा वाढली होती. "काका, खाता काय तुम्ही?"

"मासेच," बायको म्हणाली. "मीच करते. तळत नाही. सोमवारसुद्धा चुकवला नाही."

"छान. आणि भात?"

बायकोने दोन्ही हातांनी भात दाखवला. ती खरं बोलणारी बाई आहे, हात अजिबात आखडले नाहीत.

"एवढा? कशाला?"

"काट्यासाठी," बायकोने समजावलं.

मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र फार लक्ष देऊन बघायला लागलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मी पहिल्याच दिवशी एक वाटी सांगितली होती ना?" बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक महिना दिला आणि त्यानंतर एक दिवसही मिळणार नाही असं बजावलं.

घरी येईपर्यंत बायको गप्प. तिने ओरडावं म्हणून मी दोनदा प्रयत्न केला, गरज नसताना रिक्षावाल्याशी भांडलो, पण तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. आता तवा पुन्हा कुंड्यांच्या मागे जाणार, किंवा थेट भंगारवाल्याकडे, अशी माझी खात्री झाली. संध्याकाळी ती पिशवी घेऊन एकटीच बाहेर पडली. परत आली तेव्हा पिशवीत बांगडे होते.

जेवायच्या वेळी मी स्वयंपाकघरात डोकावलो. ती ओट्याशी उभी होती. समोर ताटलीत कालवणातला बांगडा. चष्म्यावर वाफ धरते म्हणून तिने मास्क काढून ठेवला होता आणि चिमटा बाजूला पडला होता. उघड्या बोटांनी ती एकेक काटा काढत होती. मधेच तिला उमासा आला. ती तोंड फिरवून थांबली, आणि पुन्हा काढायला लागली.

तिने ताट माझ्यासमोर ठेवलं. भरपूर भाजी, वाटीभर भात आणि मोकळा केलेला मासा. "काटे काढलेत," ती म्हणाली. "आता जास्त भाताचं काम नाही."

मी म्हटलं, "अगं, मी गंमत..."

"तुमच्या वडिलांचा पाय मी धुतलाय," ती म्हणाली. "चार महिने, रोज दोन वेळा. तुमचा नाही धुवायची मी. माझ्याच्यानं होणार नाही."

मला माझी इतकी शरम वाटली की मान वर करता येईना. मी जेवायला लागलो. तिसऱ्या घासाला जिभेला टोचलं. एक काटा राहिला होता. ती समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत होती. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने तो काटा हळूच काढला आणि जेवण संपेपर्यंत डाव्या मुठीत धरून ठेवला.